तिसरा तास आणि केळीचा घड

भुसावळला परत येऊन पाच महिने झालेत, मे चालू आहे, दुपारी कुलरसमोरून उठवत नाही, आणि नेमकं अशा वेळी शेजारचे काका येऊन बसतात आणि विचारतात, "मग काय रे, आफ्रिकेत नेमकं काय करायचा तू दोन वर्षं?" आता खरं सांगायचं तर मी लोकांना हसवायचो. मुद्दाम नाही हो, आपोआप व्हायचं ते.

मी तेविसाव्या वर्षी टांझानियात गेलो, किलिमांजारोच्या उतारावर मोशी शहर आहे त्याच्याही वर एका खेड्यात, लुथरन चर्चमध्ये तरुण पोरांचं काम करायला. मिशनरी म्हटलं की आपल्याकडे गोरा साहेबच डोळ्यासमोर येतो. आमच्या घरात तर जास्तच, कारण आजी साक्रीकडची. 1890 साली शिकागोत सुरू झालेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं पश्चिम खानदेशात आली होती, आणि त्यांच्यानंतरच्या कुठल्यातरी एका साहेबाची नक्कल आजी अशी करायची की जेवताना पोरांना ठसका लागायचा. साहेबाला म्हणायचं असायचं, येशूने तुम्हाला तारलं. जीभ वळायची नाही, तोंडातून यायचं, येशूने तुम्हाला तळलं. आजी अहिराणी बोलणारी, तिच्या जिभेवर ळ चा य होतो, त्यामुळे आम्हाला ते "तुमले तयं" असं ऐकू यायचं, म्हणजे चुकीवर अजून एक चूक. एवढी वर्षं त्या साहेबाला हसलो, आणि मग विमानात बसून स्वतःच साहेब व्हायला गेलो.

पहिली अडचण म्हणजे मी तिकडे कोणाच्याच हिशोबात बसेना. आपल्यासारख्या दिसणाऱ्याला तिकडे म्हिंदी म्हणतात, आणि म्हिंदी म्हणजे दुकानदार हे ठरलेलं, गुजराती लोक पिढ्यान् पिढ्या तिथे व्यापार करतात ना. दुकानाला शब्दसुद्धा दुका. मी हातात बायबल घेऊन चाललो तरी लोक प्रेमाने विचारायचे, तुझं दुका कुठंय? एकाने तर सिमेंटचा भाव विचारला.

मग नाती. आपण खानदेशातली माणसं, अनोळखी माणसाला दादा, भाऊ, काका म्हटल्याशिवाय तोंड उघडत नाही. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. आणि काका म्हणजे भाऊ. मी डालाडालाच्या, म्हणजे तिकडच्या काळीपिवळीच्या, मिशीवाल्या कंडक्टरला पहिल्याच दिवशी मोठ्या आदराने "दादा, दादा, थांबव" असं ओरडलो आणि अख्खी गाडी हसली. माझी घरमालकीण साठीची, तिला सगळे मामा म्हणायचे, कारण मामा म्हणजे आई. मी घरी फोनवर "मामाने सूप दिलं, मामाने शर्टाचं बटण लावलं" असं सांगायचो, तर आईला कितीतरी दिवस वाटत होतं की मी कुठल्यातरी बाप्याकडे राहतोय आणि तो फार मायाळू आहे.

पहिल्यांदा चर्चमध्ये चार शब्द बोलायचे होते. देवाला मुंगू म्हणतात. गोऱ्या माणसाला म्झुंगू. एवढाच फरक, पण मी घाबरलेलो, घसा कोरडा, आणि पूर्ण जोर लावून दोन-तीनशे लोकांपुढे सांगितलं की म्झुंगू तुम्हा सगळ्यांवर प्रेम करतो. क्षणभर शांतता. मग मागच्या बाकावरचा एक म्हातारा हळूच म्हणाला, "करायचे खरं, पण ते एकसष्टला गेले." 1961 ला त्यांचा देश स्वतंत्र झाला. पुढची पाच मिनिटं उपासना थांबलेली, गायकवृंदातल्या बायका डोळे पुसत होत्या. मला त्या क्षणी साक्रीचा साहेब आठवला आणि त्याची मनातल्या मनात माफी मागितली.

पण खरी फजिती ईस्टरला झाली. मला सांगितलं होतं, सा ततू असुबुही, म्हणजे शब्दशः सकाळी तीन वाजता. मी म्हटलं बरोबर आहे, आपल्याकडेही ईस्टरला पहाटेची उपासना असते, इकडे अजून कडक असेल. अडीचला उठलो, थंड पाण्याने अंघोळ केली, तिथली थंडी भुसावळच्या माणसासाठी नाहीच, टाय लावला आणि टॉर्च घेऊन केळीच्या बागांतून निघालो. प्रत्येक घरचं कुत्रं मला पुढच्या कुत्र्यापर्यंत सोडायला येत होतं. चर्चला कुलूप. वॉचमन मसाई होता, लाल चादर गुंडाळून बसलेला, हातात दांडकं, त्याने आधी दांडकं उचललं आणि मग टाय बघून खाली ठेवलं. मी म्हटलं, सा ततू. तो म्हणाला, हो, सा ततू, अजून सहा तास आहेत.

झालं असं की विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर सहाच्या आसपास उगवतो, त्यामुळे तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सात वाजले की त्यांचा एक, आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन. घड्याळ मनगटावर आपल्यासारखंच, फक्त वाचताना सहा तासांचा फरक धरायचा. मी त्याला म्हटलं हे काय विचित्र मोजणं, तर तो मसाई, चहा ओतता ओतता, मलाच विचारतो की तुझ्या पुस्तकात येशूला वधस्तंभावर कितव्या तासाला दिलं? तिसऱ्या. अंधार कधी पडला? सहाव्या तासापासून नवव्यापर्यंत. मग ते काय पहाटे तीनला झालं का? मी बायबल कॉलेजात या तासांवर पाच मार्कांची टीप लिहिलेली आहे हो, पूर्ण मार्क मिळालेले, आणि रात्री तीनला टाय लावून एका वॉचमनच्या शेकोटीपाशी बसून मला ती टीप पहिल्यांदा कळली. उजाडेपर्यंत तिथेच बसलो. चहा मात्र फर्स्ट क्लास होता, त्याला म्हणतातही चाई.

बाकी बारीकसारीक सोडून देतो. लहान पोरगं मोठ्याला "शिकामू" म्हणतं, त्यावर "मराहाबा" म्हणायचं असतं, मी सात वर्षांच्या पोराला उलट शिकामू म्हटलं, म्हणजे जवळपास त्याच्या पायाच पडलो. पोरगं पळून गेलं. आणि उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा गोळा, त्यावर सोबत नेलेला काळा मसाला भुरभुरला की पोटात जातो.

केळीचं मात्र सांगायलाच पाहिजे. मी रावेर-सावद्याच्या बागांमध्ये मित्रांबरोबर कटतीला, म्हणजे घड कापायला, जाऊन वाढलेला, आमच्या जळगाव जिल्ह्याच्या केळीला 2016 मध्ये जीआय टॅग मिळालेला, मला कोणी केळी शिकवायची? तिकडे उपासना संपली की बाहेर म्नाडा असतो, लिलाव. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो दानात अंडी देतो, कोंबडी, ऊस, केळीचा घड, आणि ते तिथेच बोली लावून विकून पैसे चर्चला. मी एक घड हेरला. फण्या भरलेल्या, केळाच्या कडांचा कोन जाऊन गोलाई आलेली, माल तयार. दहा हजार शिलिंगला घेतला, खांद्यावर टाकून घरी आणला आणि खोलीच्या कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळून ठेवला, आत दोन पिकलेले ॲव्होकॅडो घातले, कारण पिकलेल्या फळातून इथिलीन निघतं आणि कच्चं फळ पिकतं, आपल्या रायपनिंग चेंबरमध्ये दुसरं काय करतात.

तिथे केळीच्या किती जाती आणि प्रत्येकीचं काम ठरलेलं, हे मला माहीतच नव्हतं. माझा घड शिजवायच्या जातीचा, हिरवा असताना मटणात टाकायचा. आठ-दहा दिवसांनी गोणपाट ओलं झालं, चिलटं आली, वास अंगणात. मी प्रत्येकाला सांगत होतो, थांबा, अजून दोन दिवस. शेवटी मामा आत आली, गोणपाट उचललं, बराच वेळ बघत राहिली आणि दार लावून घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि नाचणी कुठे ठेवलीस?"

पिकलेली केळी आंबवून त्यात नाचणीचं माल्ट घातलं की म्बेगे होते. तिकडची घरगुती बिअर. सगळ्या वाडीला आठवडाभर माहीत होतं की म्हिंदी मिशनऱ्याने खोलीत म्बेगे लावलीय आणि कोणीही चर्चच्या वडीलमंडळींना सांगितलं नाही, तयार झाल्यावर आपल्यालाही मिळेल म्हणून.

हे सगळं मी आल्या आल्या आजीला सांगितलं. तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने, कॉलनीला ऐकू जाईल असं. ती शेवटपर्यंत गंभीर चेहऱ्याने ऐकत होती, मग पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "मंग, तुले तयं का नई त्यास्नी?"