शेकोटीचं तोंड रुंद करताना

लंडनच्या वॉल्थमस्टो भागातलं रांगेतलं जुनं व्हिक्टोरियन घर. बैठकीच्या खोलीत भिंतीपुढे आलेलं विटांचं धुराडं, त्याच्या पायथ्याशी 600 मिलिमीटर रुंद शेकोटी. मालकीणबाईंना लाकडावरचा स्टोव्ह बसवायचा होता, त्यासाठी तोंड 900 करायचं. आराखडा माझा, देखरेखही माझीच.

वाढवायचे फक्त 300 मिलिमीटर. पण जुनी कमान ज्या दोन खांद्यांवर टेकलेली, तेच छाटायचे होते. वर दोन मजले आणि छपराबाहेरपर्यंत वीटकाम. एका घनमीटरचं वजन जवळपास दोन टन.

साध्या भिंतीत आपण आरपार तुळया घालून दोन्हीकडून टेकू देतो. इथे धुराड्याची पाठ म्हणजे शेजाऱ्यांशी सामाईक भिंत, आरपार जायला वाटच नाही. म्हणून पाजींनी (गवंडी लुधियानाचे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे) कमानीच्या वरची दर्ज (विटांच्या दोन थरांमधली चुन्याची सांध) खरवडून तीत पोलादी पाती सरकवली आणि खाली जॅक लावले. या पात्यांना इथे स्ट्राँगबॉय म्हणतात. त्यांच्यावर भार जॅकच्या मध्यावर न येता बाजूला येतो, त्यामुळे जॅक नेहमीपेक्षा बराच कमी भार पेलतो. मी एक जॅक जास्तीचा लावायला सांगितला होता.

उजव्या खांद्याची दुसरी वीट निघाली आणि वरून चुन्याची वाळू झरायला लागली. आधी चिमूटभर, मग सलग धार. वरच्या दर्जेत केसाएवढी फट दिसली. मी ओरडलो, "पाजी, रुको!" त्यांनी छिन्नी टाकली आणि काढलेल्या दोन्ही विटा लाकडी पाचरी मारून जागच्या जागी घट्ट बसवल्या. धार थांबली.

मग मी गुडघ्यांवर बसून कापड बाजूला केलं. शेकोटीपुढे भरीव दगडी फरशी असते, जॅक तिच्यावर आहेत असं आम्ही धरून चाललो होतो. ती फरशी कधीच कुणीतरी काढून तिथे फळ्या ठोकल्या होत्या, वर कार्पेट. फळ्यांखाली पोकळी. भार आल्यावर फळ्या वाकल्या आणि जॅक सैल पडले. हे सकाळी फळी ठोकून बघणं माझं काम होतं, मी ते केलं नव्हतं. मालकीणबाईंना मी ते तसंच सांगितलं.

दुपार फळ्या उचकटण्यात गेली. खाली कठीण जमीन लागली. तिच्यावर जाड ओंडके आडवे टाकून जॅक तिथून वर घेतले. लिंटल, म्हणजे तोंडावरून आडवी जाऊन वरचा भार पेलणारी तुळई, दुसऱ्या दिवशी बसलं: 1200 लांब, दोन्हीकडे 150 टेकण. लिंटल आणि वरच्या विटांमध्ये पाटीच्या दगडाच्या चिपा आणि जेमतेम ओला मसाला ठासून भरला. तिथे पोकळी राहिली तर जॅक काढताक्षणी वरचं वीटकाम तेवढं खाली बसतं.

फटीवर मी प्लास्टर ऑफ पॅरिसचा टिकला लावून ठेवला होता, फट जराही हलली तर त्याला चरा जातो. सातव्या दिवशी पाजींनी प्रत्येक जॅक पाव-पाव फेरा सैल केला. मी शिडीवर, नजर टिकल्यावर. शेवटचा जॅक हातात आला तरी त्याला चरा गेला नव्हता.