थकव्याला नाव मिळेपर्यंत

डेंग्यू बरा झाला, प्लेटलेट्स वर आल्या आणि मी बँकेत रुजू झाले. अंगातलं त्राण मात्र परत आलंच नाही. रात्रभर झोपूनही सकाळी अंग शिशासारखं जड. मार्चएंड तोंडावर, घरी सासूबाईंचं पथ्यपाणी. त्यामुळे जो तो एकच सांगायचा, "टेन्शन घेतेस फार."

आमच्या डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी१२ आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासलं, आणि सुरुवात तिथूनच व्हायला हवी. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा रिता असू शकतो, हे मला तेव्हा कळलं. बी१२ची इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या झाल्या. केस गळायचे थांबले, थकवा तसाच.

मग नणंदेच्या आग्रहावरून एका वेलनेस सेंटरमध्ये गेले. तिथे लाळ तपासून 'अॅड्रिनल फटीग' असल्याचं सांगितलं. सततच्या ताणाने मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी थकतात, त्यांचं कॉर्टिसॉल हे हार्मोन कमी पडतं, म्हणून या महागड्या कॅप्सूल. ऐकायला अगदी पटण्यासारखं. कॅप्सूल सुरू करण्याआधी मी एंडोक्रिनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी माझ्या हिरड्या पाहिल्या, रक्तदाब बसून आणि उभं करून घेतला, सकाळी आठचं कॉर्टिसॉल करायला सांगितलं. अॅड्रिनल ग्रंथी खरोखर निकामी होतात तो अॅडिसनचा आजार. आपल्याकडे तो टीबीमुळेही होतो, त्यात वजन उतरतं, हिरड्या काळवंडतात. मला तो नव्हता. 'अॅड्रिनल फटीग' असं निदान त्यांच्या शास्त्रात नाहीच. २०१६ साली ५८ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यांतही पुरावा सापडला नाही. शिवाय अशा काही कॅप्सूलमध्ये हार्मोन असतात, आणि ते बाहेरून मिळत राहिले की आपलीच ग्रंथी सुस्तावते.

पण मग मला झालंय काय?

पुढच्या फिजिशियन बाईंनी वेगळाच प्रश्न विचारला. "जास्त काम झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं?" हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं, रविवारी माळा आवरला, त्या दिवशी ठीक होते, मंगळवारी दात घासताना हात वर धरवेना. त्यांनी मला दहा मिनिटं भिंतीला टेकवून उभं केलं आणि दर मिनिटाला नाडी मोजली. ती चढतच गेली.

निदान झालं एमई/सीएफएस, म्हणजे मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, दीर्घकाळच्या थकव्याचा आजार. सहा महिन्यांहून जुना थकवा, श्रमानंतर उशिराने कोसळणं, झोपेने न येणारी तरतरी, आणि जोडीला डोकं न चालणं किंवा उभं न राहवणं, हे निकष अमेरिकेत २०१५ साली ठरले. रक्ताच्या एखाद्या तपासणीत हा आजार दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं त्याला मनाचा खेळ म्हटलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ पासून तो मज्जासंस्थेच्या आजारांत धरला, तरीही. हळूहळू व्यायाम वाढवा हा सल्ला उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये मागे घेतला. मला मात्र तोवर सगळे "रोज चालायला जा" म्हणत होते, आणि चालून आले की मी आडवी होत होते. याचा मला अजून राग येतो.

हमखास औषध नाही. पोळ्या आता स्टुलावर बसून लाटते, माळा मुलगा आवरतो, बरं वाटत असलं तरी ठरल्या वेळी थांबते. बँकेने काउंटरऐवजी आतलं काम दिलंय. पूर्वीइतकं होत नाही, पण आठवडाभर अंथरूण धरायची वेळ आता क्वचित येते.