लपवलेल्या माणसांचं रेशन

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या ताब्यात असलेल्या नेदरलँड्समधून ज्यूंना पोलंडमधल्या मृत्युछावण्यांकडे न्यायला 1942 च्या उन्हाळ्यात सुरुवात झाली. तेव्हा देशात सुमारे 1,40,000 ज्यू होते. त्यांतले 25,000 हून अधिक लपले आणि लपलेल्यांपैकी जवळपास एकतृतीयांश पकडले गेले. त्यांना आसरा देणारे बहुतेक शेतकरी, दुकानदार, कारकून, शिक्षक अशी साधी माणसं होती. त्यांच्या धैर्याबद्दल भरपूर लिहिलं जातं. त्यांनी तो आसरा रोज चालवला कसा, हे मात्र फार कमी सांगितलं जातं, आणि माझ्या मते खरा पराक्रम तिथेच आहे.

जागा शोधणं हा त्यातला सोपा भाग. माळा, तळघर, गोठ्यावरचा गवताचा साठा, कशानेही भागायचं. खरी अडचण जेवणाची होती. ब्रेड, दूध, मांस, साबण, सगळंच रेशनवर. प्रत्येकाच्या नावाचं मूळ कार्ड दाखवून ठरावीक काळाने नवी कुपनं घ्यावी लागत. बेपत्ता झालेला ज्यू ती घ्यायला जाणार कसा? मग चौघांच्या कुपनांवर सात-आठ जणांची पोटं भरायची वेळ यायची. काळ्या बाजारातला माल परवडत नसे, आणि एकाच दुकानातून रोज जास्तीचे बटाटे नेले की शेजारपाजारचे हिशेब मांडायला लागत.

ॲमस्टरडॅममध्ये प्रिन्सेनग्राख्त 263 या इमारतीच्या मागच्या भागात, डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकच्या कुटुंबासह आठ जण लपले होते. त्यांच्यासाठी मदतनीस मीप खीस भाजी आणि मांस आणायच्या, तर बेप फोस्काउल ब्रेड-दुधाचं बघायच्या. कुपनं मीप यांचे पती यान यांच्या भूमिगत ओळखींतून यायची. यातली एक कडी तुटली तरी ताटावर लगेच परिणाम व्हायचा. मे 1944 मध्ये त्यांच्या भाजीवाल्याला अटक झाली, कारण त्यानेही आपल्या घरी दोन ज्यूंना लपवलं होतं. त्यानंतर आठही जणांचं खाणं आणखी कमी झालं.

एवढी कुपनं यायची कुठून? काही रेशन कार्यालयातले कारकून गुपचूप द्यायचे आणि हिशेब जुळावा म्हणून दरोड्याचा बनाव करायचे. ज्यूंना घरात लपवणाऱ्या हार्लेमच्या टेन बोम कुटुंबाला 100 कार्डं अशीच मिळाली. पुढे भूमिगतांच्या सशस्त्र टोळ्या रेशन कार्यालयांवर खरेच छापे घालू लागल्या. 1943 च्या अखेरीस जर्मनांच्या हाताखालच्या प्रशासनाने नवं मूळ कार्ड काढलं आणि ते घेताना ओळखपत्र घेऊन स्वतः हजर राहण्याची सक्ती केली. लपलेल्यांना उपाशी ठेवून बाहेर काढायचं, हाच त्यामागचा डाव होता.

ते ओळखपत्र नक्कल करायला युरोपातल्या सर्वांत अवघड ओळखपत्रांपैकी एक होतं. याकोब लेन्ट्स नावाच्या डच अधिकाऱ्याने ते झटून तयार केलं होतं: जलचिन्हाचा कागद, फोटो, बोटाचा ठसा, ज्यूंच्या कार्डावर ठळक ‘जे’. एखाद्या सहृदय माणसाने आपलं कार्ड ‘हरवलं’ म्हणून कळवून देऊन टाकलं, तरी वय जुळवा, फोटो बदला, ठशाचं काहीतरी करा, ही सगळी खटपट उरायचीच. रस्त्यावरच्या तपासणीत असं कार्ड खपून जायचं. कुणी नोंदवहीशी ताडून पाहिलं तर मात्र सगळं संपलं. म्हणून 27 मार्च 1943 रोजी भूमिगत चळवळीतले विलेम आरोन्देउस, खेरीट व्हान डेर व्हेन आणि साथीदार पोलिसांच्या गणवेशात ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात घुसले, पहारेकऱ्यांना गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि कार्डांना आग लावली. अग्निशामक दलातल्या लोकांनी मुद्दाम जास्त पाणी मारून आणखी कार्डं वाया घालवली. तरीही बहुतेक नोंदी बचावल्या. 1 जुलैला या प्रकरणातल्या बारा जणांना गोळ्या घातल्या गेल्या.

झडतीची तयारी हे वेगळंच शास्त्र होतं. टेन बोमांच्या घरात धाकटी मुलगी कोरी यांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत विटांची खोटी भिंत बांधली होती. विटांचीच, कारण लाकडी भिंत ठोकली की पोकळ वाजते. मागे जेमतेम पाऊण मीटर जागा, आत शिरायला कपड्यांच्या कपाटाच्या तळाशी सरकती फळी. बेल वाजवून सराव घेतला जायचा. नुसतं आत शिरून भागत नसे. जास्तीच्या ताटल्या उचलायच्या आणि गादी उलटायची, कारण अंगाची ऊब दहा मिनिटांपूर्वी तिथे कोणीतरी झोपलं होतं हे सांगून टाकते. 28 फेब्रुवारी 1944 ला धाड पडली आणि घरच्यांना नेलं, पण भिंतीमागचे सहा जण सापडले नाहीत. बाहेर पहारा असल्यामुळे ते जवळपास दोन दिवस तसेच दाटीवाटीने आत होते. ऐंशी ओलांडलेले वडील कास्पर दहा दिवसांत तुरुंगात वारले. धाकटी बहीण कोरी वाचली, थोरली बेट्सी त्या डिसेंबरात राव्हेन्सब्रुक छावणीत वारली.

या घराचा घात भिंतीने केला नाही, खबऱ्याने केला. बहुतेक ठिकाणी हेच घडलं. 1943 मध्ये पकडून दिलेल्या प्रत्येक ज्यूमागे साडेसात गिल्डरचं (तेव्हाचं डच चलन) बक्षीस होतं. हेन्नेइके टोळीतल्या डच माणसांनी मार्च ते सप्टेंबर या काळात हजारो लोक धरून दिले. मुख्यतः पैशासाठी. म्हणून संशय येताच माणूस हलवायचा, ही पद्धत पडली. एकेक मूल पाच-दहा घरं फिरायचं आणि प्रत्येक घरी नवं नाव, नवी प्रार्थना, नवी खोटी गोष्ट पाठ करायचं. बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या रॉटरडॅमहून आलेला भाचा, ही त्यांतली सर्वांत चालणारी गोष्ट.

ड्रेन्ट प्रांतातल्या न्यूलान्डं गावाने खबऱ्यांच्या प्रश्नावर एक उपाय काढला. योहान्नेस पोस्ट या आठ मुलांच्या बापाने, एका शेतकऱ्याने, आणि त्याचा साथीदार आर्नोल्ड डाउव्हेसने घराघरात माणसं ठेवली, आणि प्रत्येक घराने निदान एका ज्यूला आसरा द्यायचा असं गावानेच ठरवलं. सगळेच गुंतलेले असल्यावर चुगली करणार कोण आणि कुणाची? डाउव्हेस दारात उभा राहून आधी थोड्या दिवसांपुरतंच विचारायचा. घरचे हो म्हणाले की ते थोडे दिवस वर्षांत जायचे. पोस्टला जुलै 1944 मध्ये गोळ्या घातल्या. पुढे डाउव्हेसही पकडला गेला, पण भूमिगतांनी त्याला आसेनच्या तुरुंगातून सोडवलं. गावातली आसरा देणारी घरं तोवर या दोघांशिवाय चालायला लागली होती.