किती टक्के भाजलंय?

बर्न्स वॉर्डात लागल्यापासून बघतेय, नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती टक्के भाजलंय? आणि आकडा सांगितला की त्यांना वाटतं सगळं कळलं.

आकडा लागतोच म्हणा. अंगावरची सगळी कातडी १०० टक्के धरली तर मोठ्या माणसाचा एक हात ९, एक पाय १८, छाती-पोट १८, पाठ १८, डोकं-चेहरा ९, आणि पेशंटचा स्वतःचा तळहात बोटांसकट साधारण १. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं म्हणून त्यांचं गणित वेगळं. सलाईन पण त्यावरच, वजन गुणिले टक्के गुणिले ४ एमएल, म्हणजे ६० किलोचा माणूस ३० टक्के भाजला तर पहिल्या दिवसात सात लिटरच्या वर जातं. त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत, आणि ते तास भाजल्यापासून मोजायचे, हॉस्पिटलात पोचल्यापासून नाही (नवीन पोरं हमखास इथेच चुकतात). नंतर लघवी किती होतेय बघून कमीजास्त करत राहायचं.

पण मला विचाराल तर आकड्यापेक्षा जागा जास्त बोलते. दीड-दोन वर्षाचं पोर, हनुवटी, मान, छाती, एक खांदा भाजलेला, वर रुंद आणि खाली निमुळतं होत गेलेलं, म्हणजे वर ठेवलेलं गरम पाणी त्याने स्वतःवर ओढलं, खाली ओघळेपर्यंत पाणी जरा निवलं. ६० डिग्रीचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदात पूर्ण जाळतं, बाळाला तेवढाही वेळ लागत नाही. आणि कधी दोन्ही पाय मोजे घातल्यासारखे सरळ एका रेषेपर्यंत भाजलेले, वर एकही शिंतोडा नाही. गरम पाण्यात पाय पडला तर पोर तो झटकतं, पाणी उडतं, तसं काहीच नाही म्हणजे कुणीतरी धरून बुडवलं असण्याची शंका. अशावेळी आम्ही डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतो आणि पुढची चौकशी सुरू होते.

मोठ्यांमध्ये आगच जास्त, गॅस लीक, पेट्रोल-थिनर ओतून काहीतरी पेटवणं, फिट येऊन शेगडीवर पडणं. डायबेटिसवाल्यांना गरम पाण्याची पिशवी पोळतेय हेच कळत नाही. बंद खोलीतल्या आगीतून आलेल्याचा चेहरा ठीक दिसला तरी नाकातले केस जळलेत का, आवाज बसलाय का ते आधी बघायचं, घशाला सूज चढली की श्वासाची नळी घालणं महाकठीण.

"त्याला दुखत नाहीये, म्हणजे फार खोल नसेल" हे तर रोज ऐकते. उलट आहे हो. फोड आलेलं लालभडक असतं ते ठणकतं, पांढरट चामड्यासारखं झालंय तिथे नसांची टोकंच जळून गेलेली असतात, मग दुखणार काय!

आणि सगळ्यात फसवणारा करंट. हाय व्होल्टेजची एक केस आठवते, तळहाताला एक काळा खड्डा, पायाला एक, बस. भावाने विचारलं किती टक्के, म्हटलं ३, त्याने हुश्श केलं आणि घरी फोन लावायला गेला. मी कॅथेटरची पिशवी बघत होते. लघवी काळपट तांबडी येत होती, म्हणजे आत स्नायू जळलेले आणि किडनीवर लोड. रात्री हात सुजून दगडासारखा झाला, मनगटापासून कोपरापर्यंत चीर देऊन मोकळा करावा लागला.

फाईलवर शेवटपर्यंत ३ टक्केच होतं.