सोलर सोपं, नावबदल अवघड

छतावर सोलर बसवायचा विचार असेल तर पॅनलची कंपनी, वॅट, वॉरंटी हे सगळं नंतर बघा. आधी घरातलं वीजबिल काढा आणि त्यावरचं नाव वाचा. ते हयात माणसाचं असेल आणि त्याच नावाने बँकेत खातं असेल, तर तुमचं निम्मं काम झालं. आमचं बिल सासऱ्यांच्या नावावर होतं. नानांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण बिल दर महिन्याला त्यांच्याच नावाने यायचं. आम्ही भरायचो, वीज कंपनीचं ऑफिस घ्यायचं, कोणाचंच काही अडत नव्हतं.

मुळात मला घरखर्च कमी करायचा होता. सुरुवात गॅसपासून केली. एजन्सीचा माणूस दर सिलिंडरमागे पावतीच्या वर तीस-चाळीस रुपये मागायचा. घरपोच आणण्याचा खर्च पावतीतच धरलेला असतो, हे त्याला सांगून सांगून मी थकले. कंपनी तीच ठेवून नुसती एजन्सी बदलायची असेल तर सिलिंडर-रेग्युलेटर परत करावं लागत नाही, अनामतही नव्याने भरावी लागत नाही. मोबाइलवरून अर्ज केला, जुन्या एजन्सीतून मनधरणीचा फोन आला, मी नाही म्हटलं, विषय संपला. त्या कंपनीचा दर गावात सगळ्या एजन्सींकडे तोच, त्यामुळे वाचले ते फक्त वरचे पैसे.

विजेचं तसं नाही. मुंबईच्या उपनगरात टाटा की अदानी, हे ग्राहकाला ठरवता येतं. आमच्याकडे खानदेशात भुसावळजवळ दीपनगरला वीज तयार होते, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत, त्याच तालुक्यात शिवाजीनगरला मोठा सौर प्रकल्प आहे, पण घरात येणारी तार एकाच कंपनीची. तिची घ्या, नाहीतर स्वतः तयार करा. शंभर युनिटच्या पुढे गेलं की दर जवळजवळ दुप्पट होतो, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर असताना दिवसभर कूलर आणि रात्री एसी चालला की शंभरात कोण बसणार?

केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे. एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, आणि तीन किंवा त्यापुढे कितीही लावा, ७८,००० रुपये अनुदान. अर्जात ग्राहक क्रमांक टाकला की बिलावरचं नाव येतं, आणि अनुदानाचं खातंही त्याच नावाचं लागतं. आमच्या अर्जात नानांचं नाव आलं आणि घोडं तिथेच अडलं.

नावबदलाचा अर्ज ऑनलाइन होतो, असं सांगतात. होतो की. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, आधार, सगळं जोडून केला. काही दिवसांनी उत्तर आलं, 'कागदपत्रे अपूर्ण'. कोणतं अपूर्ण, ते लिहिलेलं नाही. ऑफिसात गेले. खिडकीवरच्या दादांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाले, "घरपट्टी मागच्या वर्षाची आहे, चालू वर्षाची पाहिजे." नगरपालिकेत जाऊन घरपट्टी भरली, पावती नेली. मग म्हणाले, "बाकीच्या वारसांची ना-हरकत लागेल." हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?

"तेव्हा घरपट्टीच नव्हती ना ताई."

यावर मी बाहेर टपरीवर जाऊन चहा घेतला, नाहीतर तिथेच भांडण झालं असतं. परत आत गेले आणि म्हटलं, दादा, जे जे लागतं ते एकदाच कागदावर लिहून द्या. त्यांनी पेन शोधलं, मग पलीकडच्या टेबलाकडे बोट दाखवलं. त्या टेबलावरचे साहेब साइटवर गेलेले. तुम्ही मात्र लिहून घेतल्याशिवाय हलू नका. मी खुर्ची ओढून बसले तेव्हा कुठे यादी मिळाली.

आता ना-हरकतीचं रामायण. हे थोरले, धाकटे भाऊजी सुरतेला, नणंद नंदुरबारला, सासूबाई आमच्याकडे. ना-हरकत स्टॅम्पपेपरवर, आणि शंभरचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून बंद, थेट पाचशेचा घ्यायचा. टायपिंगवाल्याकडे मजकूर तयारच असतो. त्याने खटाखट बटणं दाबून कागद हातात दिला. मी त्याचा फोटो भाऊजींना पाठवला. संध्याकाळी फोन आला, "वहिनी, सही कराले काही हरकत नही, पन घरमा मना हिस्सा शे ना?"

मला आधी रागच आला. मग तो कागद नीट वाचला. तिसऱ्या ओळीत छापलं होतं, 'सदर मिळकतीवर आमचा कोणताही हक्क वा हितसंबंध राहणार नाही.' मीटरच्या नावासाठी घरावरचा हक्क सोडून द्यायचा! भाऊजींचं काय चुकलं? टायपिंगवाला म्हणे, "सगळे हाच देतात." सगळे देत असतील. मी ती ओळ काढायला लावली आणि तिथे टाकलं: 'ही ना-हरकत फक्त वीजमीटरच्या नावबदलापुरती आहे, मिळकतीच्या मालकी हक्काशी तिचा संबंध नाही.' हेच वाक्य तुम्हीही टाका. ऑफिसने त्यावर काही हरकत घेतली नाही. भाऊजींना पुन्हा फोन करून सांगितलं की वीजबिल हा मालकीचा पुरावा नसतोच, मालकाच्या संमतीने भाडेकरूच्या नावावरही मीटर मिळतं, घर कोणाचं ते सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर बघायचं. तरी त्यांनी सुरतेत कुणा वकिलाला विचारलंच. विचारू दे, आमच्या घरात भाऊबंदकीची ठिणगी पडता पडता राहिली.

सह्यांसाठी आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, वाट पाहिली. नणंद माहेरी येणार, भाऊजी येणार, सगळे एका छताखाली. पण आखाजीला नोटरी बसत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात सगळ्यांना घेऊन गेले. सासूबाईंचा अंगठा घ्यायला नोटरीचा माणूस शाईचं पॅड घेऊन रिक्षापर्यंत आला, एवढं त्याचं चांगलं. अंगठा असेल तर दोन साक्षीदार आणि त्यांचे आधार सोबत न्या.

तरीही शेवटचा फाटा होताच. थकबाकी असेल तर नाव बदलत नाही, आणि मधल्या काळात नवं बिल निघालं होतं. ते भरून पावती दाखवली. पुढच्या बिलावर ह्यांचं नाव आलं. पळापळ माझी, नाव ह्यांचं.

पुढचं भराभर झालं. दहा किलोवॅटपर्यंत मंजुरी आपोआप मिळते. पॅनल चढले, तपासणी झाली, घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारं नेट मीटर लागलं, अनुदान खात्यात आलं. अनुदान हवं असेल तर पॅनल 'डीसीआर', म्हणजे देशी सेलचेच लागतात. पूर्ण पैसे आधी मागणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करा. आणि हो, लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी सोयच केलेली असते. 'सोलर असून अंधार' असं शेजारी हसले तर हसू द्या.

पॅनल गच्चीपासून उंच घ्या, खाली वावरता येतं. पण सावली पडते, म्हणून मी पूर्वेकडची बाजू मोकळी सोडायला लावली. बिबड्या आणि कुरडया वाळवायच्या कुठे? विक्रेता म्हणाला, "मावशी, तिथे अजून एक पॅनल बसेल." बसेल, पण नको.

किलोवॅटमागे दिवसाला साधारण चार युनिट धरा. मे महिन्यात जास्त येतील असं मलाही वाटलं होतं, पण पॅनल तापला की उत्पादन उतरतं. धूळ सकाळी लवकर धुवा, तापलेल्या काचेवर पाणी मारू नका. जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, मार्चअखेर हिशेब मिटतो आणि उरलेल्याचा दर अगदीच कमी मिळतो. म्हणून गरजेपुरतंच लावा. बिल अगदी शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो.

दिवसाच्या युनिटवर मी इंडक्शन घेतलं. वरण, भात, चहा, भाज्या त्यावर. कळण्याची भाकरी मात्र गॅसवरच, इंडक्शनच्या तव्यावर ती फुगत नाही. एवढ्यावरही सिलिंडर पूर्वीपेक्षा दीडपट पुरतोय.