ती लाल पट्टी

आज जुन्या कात्रज घाटात एका चिमुरडीने बाबांना विचारलं, “डोंगराला ही लाल पट्टी कुणी रंगवली?”

“मुरूम असेल गं,” म्हणत ते पुढे निघाले.

तिचा प्रश्न दिवसभर मनात राहिला. कारण तो मुरूम नव्हे. मुरूम म्हणजे झिजलेला काळा दगड, हातात भरभरीत लागतो. ही पट्टी बारीक, विटेसारखी. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले. एक थर निवला, वरचा भाग झिजून माती झाली आणि पुढच्या तप्त थराने ती भाजून काढली. दोन थरांमधला मोकळा काळ म्हणजे ती पट्टी!

सिंहगडाच्या रांगेतही उतार बघताना हेच लक्षात ठेवावं. घट्ट दगडाचा कडा उभा राहतो. भोकाभोकांचा, पांढऱ्या खड्यांचा दगड लवकर झिजतो, तिथे पदर, म्हणजे उतारावरची सपाट पायरी, तयार होतो. कड्याच्या भेगांतून मुरणारं पाणी लाल थरावर अडतं आणि आडवं वाहत बाहेर येतं. पदरातले झरे बऱ्याचदा असेच. वाडी पदरावर का वसते, तेही यातून कळतं.

पण हाच लाल थर ओला झाला की निसरडा आणि ठिसूळ. तो आतून झिजतो, वरचा कातळ अधांतरी राहतो आणि एका पावसात दरड येते. म्हणून पावसाळ्यात अशा पट्टीखाली गाडी लावू नये, डबाही उघडू नये.

पोरांनी असं काही विचारलं, तर पाच मिनिटं थांबाल ना?