सहा पायांचं मशीन सगळीकडे का नाही?

शेडवर नवा माणूस आला की कोपऱ्यातलं हेक्सापॉड, म्हणजे सहा पायांचं मिलिंग मशीन, बघतो आणि विचारतो, "एवढं हलकं, एवढं चपळ मशीन, मग सगळे व्हीएमसीच का घेतात?" तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारं नेहमीचं उभं मिलिंग मशीन. त्यात एका स्लाइडवर दुसरी स्लाइड बसते. खालची वरचीचं वजन वाहते आणि खालची चूक वर जाते. म्हणून टनावारी बीड (ओतीव लोखंड) लागतं. हेक्सापॉडमध्ये स्पिंडलचा (टूल फिरवणाऱ्या दांड्याचा) प्लॅटफॉर्म सहा पायांवर पेललेला असतो. प्रत्येक पायात मोटर आणि बॉलस्क्रू, त्यांनी पाय लांब-आखूड होतो. पाय फक्त ओढले किंवा दाबले जातात, त्यांना वाक जवळपास येतच नाही. त्यामुळे थोड्या लोखंडात भरपूर ताठपणा मिळतो.

कल्पना जुनी आहे. 1950च्या दशकात डनलॉपच्या एरिक गॉफ यांनी टायर तपासायला असं यंत्र उभं केलं. 1965 साली सहा दिशांनी हलणाऱ्या प्लॅटफॉर्मवर स्ट्यूअर्ट यांचा निबंध आला, पुढे विमानाच्या सिम्युलेटरनी ही रचना उचलली. 1994च्या शिकागोच्या प्रदर्शनात गिडिंग्ज अँड लुईसचं व्हेरिअ‍ॅक्स आणि इंगरसोलचं हेक्सापॉड मांडलं गेलं, तेव्हा बीडाच्या मशीनचे दिवस भरले असं पुष्कळांना वाटलं होतं.

माझं मशीन पहिल्यांदा चाललं त्या दिवशी स्पिंडलला डायल (मायक्रॉन दाखवणारं घड्याळ) लावला, खाली सपाट सरफेस प्लेट ठेवली आणि एक्स अक्षात 200 मिमी सरळ जायला सांगितलं. मध्ये काटा शून्यावर, दोन्ही कडांना 80 मायक्रॉन खाली. व्हीएमसी असतं तर गिब (स्लाइडची ढिलाई काढणारी पट्टी) बघितली असती, कॉलमचा काटकोन तपासला असता, स्क्रेपर हातात घेतला असता. इथे घासायचं काय? एक्सची स्लाइडच नाही! ती सरळ रेघ सहा पायांच्या हिशेबातून जन्मते. बारा सांध्यांची केंद्रं नेमकी कुठे आणि प्रत्येक पायाची मूळ लांबी किती, असे 42 आकडे कंट्रोलरला अचूक हवेत. ते शोधण्यात माझे दोन महिने गेले. 80चे 15 झाले, तरी दिशा बदलताना काटा उडायचाच. शेवटी एकेका सांध्यावर बोट ठेवून पाय मागेपुढे केला. चौथ्या पायाच्या वरच्या सांध्याच्या क्रॉसमध्ये बारीकशी 'टक' लागली. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.

उष्णतेचंही तसंच. एक मीटर पोलाद एका अंशाला साधारण 11-12 मायक्रॉन वाढतं. सहा पाय सारखे तापत नाहीत, म्हणून स्पिंडल सरकतो आणि कलतोही. कडेला गेलं की पाय फाकतात, ताठपणा दिशेप्रमाणे बदलतो. शिवाय कल साधारण 30 अंशांपर्यंतच. ट्रनियनचं, म्हणजे टेबलच कलतं असं, फाइव्ह-अ‍ॅक्सिस मशीन 90 अंश सहज फिरतं. तीन पाय आणि मधला आधार असलेलं ट्रायसेप्ट कारखान्यांत टिकलं, ते मला साहजिक वाटतं.

तरी मी ते बांधलं, कारण मोठं कास्टिंग ओतून घेणं मला परवडणारं नव्हतं. इथे एकच पाय नीट करायचा आणि त्याच्या सहा प्रती काढायच्या. लिनक्ससीएनसी या मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हेक्सापॉडचं गणित फुकट मिळतं. माझ्यासारख्या छोट्या शेडवाल्याला ही केवढी मोठी गोष्ट आहे!

पोटापाण्यासाठी पहिलं मशीन घेत असाल तर व्हीएमसीच घ्या. माझ्याकडे फाउंड्रीची लाकडी पॅटर्न (ओतकामाचे नमुने) हेक्सापॉडवर जातात. वाकडेतिकडे पृष्ठभाग, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची मुभा, तिथे ते सुरेख चालतं. सकाळी वीस मिनिटं पाय नुसते चालवतो, मग डायल लावून मध्य तपासतो आणि काम चढवतो. बेअरिंगचा बोअर (नेमक्या मापाचं भोक) आला की तो जॉब शेजारच्या व्हीएमसीवर.